बाप घोडा निवडताना

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मिळणाऱ्या रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ त्याचा रंग, वय आणि आईबापांची नावं छापलेली असतात. आधी बाप, मग आई. पंटरांची नजर जॉकी, ट्रेनर, वजन आणि गेल्या शर्यतींच्या निकालांवर खिळलेली असते. आईबापांच्या ओळीकडे फारसं कुणी बघत नाही. पण त्या ओळीतल्या पहिल्या नावावर कुणीतरी पाच वर्षांपूर्वी मोठी रक्कम लावलेली असते. इंडियन डर्बी ही चार वर्षांच्या घोड्यांची शर्यत, फेब्रुवारीत होणारी. २०२६ च्या डर्बीच्या वयाचं जनावर २०२२ मध्ये जन्मलेलं असतं आणि घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, म्हणजे त्याची आई साधारण २०२१ च्या हंगामात घोड्याकडे नेलेली असते. पंटरची पैज अडीच मिनिटांत निकालात निघते, स्टड फार्मच्या मालकाची पाच वर्षं चालते. बरं, निकाल लागेपर्यंत तो हात बांधून बसलेला नसतो. त्याच घोड्याची आणखी तीन-चार हंगामांची शिंगरं एव्हाना त्याच्या कुरणात बागडत असतात. त्यामुळे निवड चुकली तर ती एकदा चुकत नाही, चार-पाच वेळा चुकते.

शर्यतीचा घोडा म्हणजे थरोब्रेड. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे पूर्वेकडून इंग्लंडात नेलेले तीन घोडे या जातीचे मूळपुरुष. आजच्या प्रत्येक थरोब्रेडच्या बापाचा बाप, त्याचा बाप असं मागे जात राहिलं की या तिघांपैकी कुणातरी एकापाशी पोहोचता येतं. बहुतेक वेळा डार्ली अरेबियनपाशीच, कारण सुमारे ९५ टक्के नर त्या एकट्याच्या वंशातले आहेत. १७९१ साली इंग्लंडमध्ये जेम्स वेदर्बी यांनी वंशनोंदीचं पुस्तक सुरू केलं. ज्याच्या आईबापांची नोंद नाही ते शिंगरू वाऱ्याच्या वेगाने पळालं तरी त्याला या जातीत जागा नाही. आपल्याकडे ही नोंद पुण्याची स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडिया ठेवते. आता बापाची खात्री डीएनए तपासून करतात, मालकाच्या शब्दावर नाही.

या नोंदीचा एक नियम बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतो. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. पुण्याजवळ उरुळी कांचनला बायफ या संस्थेने गायींसाठी गोठवलेल्या रेतमात्रांचं एवढं मोठं काम उभं केलं की गाय माजावर आली तर शेतकऱ्याला वळू शोधत हिंडावं लागत नाही, मोटारसायकलवरून रेतमात्रा गोठ्यापर्यंत येते. कोट्यवधींचा घोडा बाळगणाऱ्या स्टड मालकाला मात्र ही सोय नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आली तरच शिंगराची नोंद होते. दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवणं नाही, क्लोनिंग नाही. परंपरेचं कारण पुढे केलं जातं आणि त्यात तथ्य असेलही, पण व्यवहार त्याहून मोठा आहे. एका घोड्याच्या रेतमात्रा जगभर विकता आल्या असत्या तर स्टॅलियनची, म्हणजे घोड्या फळवण्यासाठी ठेवलेल्या नराची, फी एका हंगामात कोसळली असती. नियमाचा परिणाम भारतातल्या मालकाला थेट भोगावा लागतो. आयर्लंडमधला एखादा घोडा त्याला हवा असेल तर तिकडची गाभण घोडी विकत घेऊन आणायची, आपली घोडी विमानाने तिकडे पाठवायची, नाहीतर सरळ घोडाच खरेदी करायचा. कुठलाच मार्ग स्वस्त नाही.

प्रत्यक्ष घोडा लावण्याचं काम मात्र कुठल्याही गोठ्याइतकंच जमिनीवरचं. दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येऊ लागते. चक्र साधारण २१ दिवसांचं आणि त्यातले पाच-सात दिवस ती घोड्याला जवळ येऊ देते. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, त्यामुळे चुकून डिसेंबरअखेर जन्मलेलं शिंगरू दोन-चार दिवसांचं असतानाच कागदावर वर्षाचं होतं आणि जन्मभर आपल्यापेक्षा थोराड भिडूंशी धावतं. म्हणून सगळ्यांची धडपड वर्षाच्या सुरुवातीला शिंगरू मिळवण्याची. थंड देशांत त्यासाठी डिसेंबरपासूनच घोड्यांच्या तबेल्यात दिवे लावून दिवसाचे सोळा तास उजेड ठेवतात, म्हणजे घोडीच्या शरीराला वाटतं, उन्हाळा आला. घोडी खरंच माजावर आहे का हे पाहायला एक साधा, कमी किमतीचा घोडा बाळगतात. त्याला टीझर म्हणतात. कठड्यापलीकडून त्याने घोडीशी लगट करायची, ती कान टवकारते की लाथ झाडते हे माणसांनी बघायचं, आणि ती राजी दिसली की त्या बिचाऱ्याला परत तबेल्यात न्यायचं. मग येतो मोठ्या नावाचा स्टॅलियन. घोडीने लाथ मारून कोट्यवधींचं नुकसान करू नये म्हणून तिच्या मागच्या खुरांना मऊ बूट चढवलेले असतात. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बीज सुटायची वेळ काढलेली असते, कारण नामांकित घोड्याच्या दिवसभराच्या वेळा ठरलेल्या असतात.

एवढं सगळं करून घोडा फळवणारा निघेलच असं नाही. अमेरिकेचा सिगार ओळीने १६ शर्यती जिंकून १९९७ मध्ये स्टडवर गेला. चौतीस घोड्या त्याच्याकडे नेल्या, एकही गाभण राहिली नाही, आणि विमा कंपनीला अडीच कोटी डॉलर मोजावे लागले. २००२ चा केंटकी डर्बी विजेता वॉर एम्ब्लेम जपानने १ कोटी ७० लाख डॉलरला नेला, तर त्याला घोड्यांमध्ये फारसा रसच नव्हता; अनेक हंगाम स्टडवर काढूनही त्याची शिंगरं मोजकीच झाली. म्हणून निवडीच्या यादीत पेडिग्रीच्याही, म्हणजे वंशावळीच्याही, आधी एक रुक्ष आकडा विचारावा लागतो, गेल्या हंगामात या घोड्याकडे आणलेल्या घोड्यांपैकी गाभण किती राहिल्या. मोठ्या स्टडवर बहुतेक करारांत शिंगरू जन्मून उभं राहिलं आणि आईला प्यायलं तरच फी, अशी अट असते. ती असली तरी घोडीचं वर्ष वाया जातं ते कुणी भरून देत नाही.

आता शर्यतीतली कामगिरी. पहिल्यांदा घोडा निवडणाऱ्याला हीच सगळ्यात भक्कम वाटते आणि खाण तशी माती हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो आहोत. पण थरोब्रेडचा इतिहास या म्हणीला फार जुमानत नाही. १९७३ साली सेक्रेटॅरिएटने बेलमाँटची शर्यत घोड्याच्या ३१ लांबींनी जिंकून अमेरिकेची तीन शर्यतींची ट्रिपल क्राउन पुरी केली. तीन वर्षांचा होऊन मोठ्या शर्यती धावण्याआधीच त्याचे ३२ हिस्से प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरला विकले गेले होते, एकूण ६० लाख ८० हजार. स्टडवर त्याने काही उत्तम घोडे दिले, पण दुसरा सेक्रेटॅरिएट दिला नाही, आणि बाप म्हणून त्याच्या पदरी निराशेचा शिक्का बसला. मग त्याच्या लेकी विऊ लागल्या. ए. पी. इंडी, स्टॉर्म कॅट, गॉन वेस्ट हे तिघेही पुढे अमेरिकेतले अव्वल स्टॅलियन ठरले आणि तिघांच्याही आया सेक्रेटॅरिएटच्या मुली. बापाचं एक्स गुणसूत्र फक्त मुलींकडेच जातं, म्हणून त्याचं काही खास देणं त्या वाटेने गेलं असावं, असा तर्क काही जणांनी मांडला आहे. तर्क म्हणून तो आकर्षक आहे, सिद्ध झालेला नाही.

उलट उदाहरणं तर ढीगभर. डॅन्झिग गुडघ्याच्या दुखापतीमुळे तीनच शर्यती धावला, तिन्ही जिंकला, पण त्यात मोठी एकही नव्हती. तो १९९१ ते १९९३ सलग तीन वर्षं अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा स्टॅलियन होता. १९७८ मध्ये अफर्म्डने ट्रिपल क्राउनच्या तिन्ही शर्यती जिंकल्या आणि तिन्हींत अलिदार दुसरा आला. स्टडवर गेल्यावर पारडं फिरलं. अलिशेबा आणि ईझी गोअर हे दोन्ही नामांकित घोडे अलिदारचे. शर्यतीत कोण किती अंतराने जिंकला एवढंच पाहून घोडा निवडणारा माणूस शर्यत पाहत असतो, बाप पाहत नसतो. कामगिरी वाचायची ती वेगळ्या प्रश्नांनी. कोणत्या वयात जिंकला? किती अंतरावर? कुणाला हरवून? पाय शेवटपर्यंत टिकले का? दोन वर्षांचा असताना चमकून तिसऱ्या वर्षी विझलेला घोडा डर्बीच्या स्वप्नासाठी उपयोगाचा नसतो, पण हजार-बाराशे मीटरच्या शर्यतींसाठी लवकर तयार होणारी शिंगरं हवी असतील तर तोच योग्य.

घोडीकडे वळायला हवं, कारण या सगळ्या गप्पांत तिला मागे ठेवलं जातं. तसं पाहिलं तर घोड्यांच्या व्यवहारात आईचा मान कागदावर मोठा आहे. एकाच बापाच्या दोन घोड्यांना इथे सावत्र भाऊ म्हणत नाहीत. आई एक असेल तरच नातं धरतात. त्याला कारणही व्यावहारिक आहे, बापाची शिंगरं वर्षाला शंभर असू शकतात, आईचं एकच. पण जाहिरात होते ती बापाची, फी आकारली जाते ती बापाची, आणि जिंकल्यावर घराण्याला नाव लागतं तेही बापाचं.

या बाबतीत मला सगळ्यात शिकवणारी गोष्ट वाटते ती तिसऱ्या आगा खानांची, आणि तिचं एक टोक आपल्या मुंबई-पुण्यात आहे. ते वाढले इथेच. पुण्याच्या येरवड्याचा आगा खान पॅलेस त्यांनी १८९२ मध्ये बांधला. पुढे १९४२ मध्ये गांधीजी आणि कस्तुरबांना तिथेच स्थानबद्ध केलं म्हणून तो आपल्याला ठाऊक असतो. घोड्यांचा नाद घरातला, आजोबांपासूनचा. इंग्लंडमध्ये घोडे पळवायला ते १९२० च्या दशकात उतरले आणि उतरताना त्यांनी पहिला पैसा मोठ्या नावाच्या स्टॅलियनवर नाही, माद्यांवर घातला. त्यांच्यासाठी जॉर्ज लॅम्टन यांनी १९२२ मध्ये डोंकास्टरच्या लिलावातून एक करडी फिली, म्हणजे तरुण घोडी, ९,१०० गिनींना घेतली. तिचं नाव ठेवलं मुमताज महल. तिचा बाप द टेट्रार्क हाही एक नमुनाच होता. अंगावर पांढरे ठिपके, १९१३ मध्ये सात शर्यती धावला आणि एकही हरला नाही, पण स्टडवर त्याला घोड्यांचं काही पडलेलं नव्हतं. जन्मभरात फक्त १३० शिंगरं. मघाच्या हिशेबाने असा घोडा निवडायलाच नको. पण त्या १३० मध्ये मुमताज महल होती, आणि तिचा वेग इंग्लंडने त्याआधी कुठल्या फिलीत पाहिला नव्हता.

आगा खानांनी तिला स्टडवर नेलं आणि तिच्या मुलींना वेगवेगळ्या घोड्यांकडे धाडलं. मुलगी माह महलने १९३६ चा एप्सम डर्बी विजेता महमूद दिला. दुसरी मुलगी मुमताज बेगम आगा खानांच्याच ब्लेनहाइमपासून झालेली. ब्लेनहाइमने १९३० ची डर्बी जिंकली होती, लांब पल्ल्याचा दम त्याच्याकडून अपेक्षित होता. मुमताज बेगमला पुढे निअर्को या इटालियन घोड्याकडे नेलं आणि १९४० मध्ये नसरुल्ला जन्मला. आजीचा वेग, आईच्या बापाचा पल्ला, आणि एकही शर्यत न हरलेला बाप. नसरुल्ला जबरदस्त पळायचा, पण त्याच्या मर्जीवर; शर्यतीला जाताना मधेच उभा राहायचा, कधी पुढे जायलाच नकार द्यायचा. आगा खानांनी तो विकला. १९५० मध्ये केंटकीच्या क्लेबर्न फार्मने त्याला अमेरिकेला नेलं. ब्रिटनमध्येही आणि अमेरिकेतही तो सर्वाधिक बक्षिसं कमावणाऱ्या शिंगरांचा बाप ठरला. त्याचा मुलगा बोल्ड रूलर आठ वर्षं अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा स्टॅलियन, आणि बोल्ड रूलरचा मुलगा म्हणजे वर भेटलेला सेक्रेटॅरिएट. ब्लेनहाइम, महमूद आणि आपला आणखी एक घोडा बहराम यांनाही आगा खानांनी अमेरिकेला विकलं, त्यावर इंग्लंडमध्ये ओरड झाली. पण माद्या त्यांनी ठेवल्या. मला वाटतं त्यांचा हिशेब असा होता की बाप फी देऊन बाजारात मिळतो, चांगल्या आया मिळत नाहीत.

आगा खानांना जोड्या जुळवून द्यायला फ्रान्सचे कर्नल व्युइये होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते काम केलं. व्युइयेंनी उत्तम घोड्यांच्या पेडिग्रीत बारा पिढ्या मागे जाऊन कोणता पूर्वज किती प्रमाणात येतो ते मोजलं आणि जोडी लावताना ते प्रमाण साधायचं, असं शास्त्र मांडलं. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस लो यांनी घोड्यांच्या मातृकुळांना क्रमांक दिले होते, ते क्रमांक आजही लिहिले जातात. त्यांनी काढलेले निष्कर्ष मात्र टिकले नाहीत. अशी सूत्रं नंतरही येत राहिली. माझा त्यांच्यावर फारसा विश्वास नाही, पण व्युइयेंमुळे एक शिस्त आली, घोडा एकटा बघायचा नाही, घोडीच्या कागदाशेजारी ठेवून बघायचा.

निअर्कोची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. त्याचा जन्मदाता, म्हणजे जोडी लावणारा माणूस, इटलीतल्या माजोरे सरोवराकाठी दोर्मेलोचे फेदेरिको तेसिओ. नोगारा या आपल्या घोडीसाठी त्यांना इंग्लंडचा फेअरवे हवा होता. फेअरवेचा हंगाम आधीच भरलेला. म्हणून त्याचा सख्खा भाऊ फॅरोस घेतला. त्यातून १९३५ मध्ये निअर्को झाला. १४ शर्यती धावला, १४ जिंकला, १९३८ मध्ये ६० हजार पौंडांना इंग्लंडला गेला आणि युद्धाच्या काळात न्यूमार्केटला त्याच्यासाठी बॉम्बपासून बचावाचा आसरा बांधला गेला होता. आज जगात धावणारे बहुतेक थरोब्रेड त्याचेच वंशज आहेत. तेसिओंसारखा अभ्यासू माणूस, पण तोही मनासारखा घोडा न मिळाल्यावर भाऊ घेऊन आला आणि इतिहास झाला. तेसिओंचा दुसरा नेम मला जास्त शहाणपणाचा वाटतो. ते सहसा स्वतःचे स्टॅलियन बाळगत नसत. घरात घोडा असला की सगळ्या घोड्या त्याच्याकडेच न्यायचा मोह होतो, मग तो प्रत्येकीला साजेसा असो वा नसो. भारतातल्या मालकाला हा नेम परवडत नाही, कारण दुसऱ्याचे घोडे हाकेच्या अंतरावर नसतात. पण घरच्या घोड्याच्या मोहाचे परिणाम इथेही दिसतात.

बाजार घोड्याची किंमत कशी ठरवतो हे पाहिलं तर गंमत वाटते. नवा स्टॅलियन येतो तेव्हा त्याची शिंगरं अजून कुणी पाहिलेली नसतात, म्हणून आशा ताजी असते आणि फी चढी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कुतूहल ओसरतं. चौथ्या वर्षी फी सगळ्यात खाली येते, कारण त्याच वेळी पहिली शिंगरं दोन वर्षांची होऊन धावायला लागणार असतात आणि मालकांना वाटतं, आधी निकाल पाहू. निकाल चांगले आले की फी एकदम आकाशात. दुबावी हा त्याचा नमुना. त्याचा बाप दुबई मिलेनियम एकाच हंगामानंतर मेला, मागे फक्त ५६ शिंगरं ठेवून. त्यातला दुबावी २५ हजार पौंड फीवर स्टडवर आला, ती १५ हजारांवर घसरली, आणि पुढे साडेतीन लाखांवर गेली. ज्यांनी त्या घसरलेल्या वर्षी घोड्या पाठवल्या त्यांना जॅकपॉट लागला. अर्थात त्याच वर्षी आणखी शंभरेक घोड्यांची फी घसरली होती आणि त्यांतले बहुतेक पुढे कुणाला आठवले नाहीत.

घसरलेल्या किमतीत सोनं ओळखायचं उदाहरण म्हणून संडे सायलेन्सचं नाव घेतात. लहानपणी त्याचे मागचे पाय सांध्यापाशी आत वळलेले होते, लिलावात तो कुणाला नको होता. विषाणूच्या आजारातून तो मरता मरता वाचला. त्याचा बाप हेलो इतका माथेफिरू की चावू नये म्हणून त्याला मुस्की घालावी लागे; पोराचाही स्वभाव तसाच. १९८९ मध्ये त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकून अलिदारच्या ईझी गोअरला मागे टाकलं. तरी अमेरिकी स्टड मालकांनी आईकडचं घराणं फिकं म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवली. जपानच्या झेन्या योशिदांनी त्याला होक्काइदोला नेलं. १९९५ ते २००७ सलग तेरा वर्षं तो जपानचा अव्वल स्टॅलियन होता आणि त्याच्या मुलाने, डीप इम्पॅक्टने, २००५ मध्ये तिथली ट्रिपल क्राउन जिंकली. अमेरिकेने चूक केली, एवढ्यावर ही गोष्ट सांगून थांबतात. अर्धी बाजू राहून जाते. योशिदांच्या फार्मवर नॉर्दर्न डान्सरचा मुलगा नॉर्दर्न टेस्ट बरीच वर्षं गाजला होता, त्याच्या लेकी-नातींनी जपानची कुरणं भरली होती. त्यांना नॉर्दर्न डान्सरचं रक्त नसलेला, वेगवान बाप हवा होता. संडे सायलेन्स नेमका तसा होता. केंटकीत राहिला असता तर त्याला त्या दर्जाच्या घोड्या मिळाल्या असत्या का, याची मला शंका आहे.

नॉर्दर्न डान्सर स्वतः कॅनडाचा, १९६१ चा. अंगाने ठेंगणा, म्हणून वर्षाचा असताना २५ हजार डॉलरला कुणी घेईना. १९६४ मध्ये केंटकी डर्बी दोन मिनिटांत जिंकला. दहा हजार डॉलर फीपासून सुरुवात करून १९८० च्या दशकात त्याची फी पाच लाखांवर गेली, तीही शिंगरू झालंच पाहिजे या अटीशिवाय. त्या वेडाच्या भरात १९८३ मध्ये त्याचा एक मुलगा, स्नाफी डान्सर, लिलावात १ कोटी २ लाख डॉलरला गेला. तो इतका मंद निघाला की एकही शर्यत धावला नाही, आणि स्टडवर पाठवल्यावर कळलं की तो जवळजवळ वांझ आहे. अख्ख्या आयुष्यात चार शिंगरं.

मग विज्ञान काय म्हणतं? एडिनबरा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००८ मध्ये दाखवलं की घोड्याच्या जन्मभरातल्या कमाईतला फरक आनुवंशिकतेने सुमारे दहा टक्केच समजावता येतो; बाकीचा खुराक, ट्रेनर, जॉकी, मैदान, नशीब. आणि स्टॅलियनची फी ही त्याच्या जनुकांच्या दर्जाची विश्वासार्ह खूण नाही. फी भरणारे सगळे मूर्ख, असा याचा अर्थ काढायचं कारण नाही. महाग घोड्याचं शिंगरू लिलावातही महाग विकलं जातं, आणि विकणाऱ्याला शर्यत जिंकायची नसते.

दोन वर्षांनी, २०१० मध्ये, डब्लिनच्या एमेलिन हिल यांनी स्नायूंच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातला फरक आणि शर्यतीचं अंतर यांचा संबंध उलगडला. सी-सी जोडीचे घोडे लहान अंतरात तेज, टी-टी लांब पल्ल्याचे, सी-टी मधले. इथे निवडणाऱ्याच्या हाती एक खरं साधन आलं. सी-सी घोड्याच्या प्रत्येक शिंगरात एक सी येणारच, म्हणजे घोडी काहीही असो, टी-टी शिंगरू मिळणार नाही. २,४०० मीटरची डर्बी डोक्यात असेल आणि घोडीही सी-सी असेल, तर तो बाप टाळलेला बरा. पण ही चाचणी अंतर सांगते, दर्जा नाही. मंद धावणारे टी-टी घोडे भरपूर असतात.

भारतात येणाऱ्या स्टॅलियनचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. युरोपातला सिद्ध झालेला अव्वल घोडा इथे येत नाही, त्याला तिकडचे लोक सोडणारच नाहीत. इथे येतो तो त्याचा मुलगा किंवा भाऊ, ज्याच्या रक्तात सगळं आहे पण ज्याने मैदानावर अपेक्षा पुऱ्या केल्या नाहीत; किंवा चांगला धावलेला पण ज्याच्या घराण्याची फॅशन सरलेली आहे. रझीन हा नॉर्दर्न डान्सरचा मुलगा, १९९० च्या एप्सम डर्बीत तो फेवरिट होता आणि घोड्यांच्या घोळक्यात मागे राहिला. उत्तर भारतातल्या उषा स्टडने त्याला आणलं आणि तो देशातला अव्वल स्टॅलियन ठरला. त्याच स्टडचा प्लेसरव्हिल हा मिस्टर प्रॉस्पेक्टरचा मुलगा, १९९३ मध्ये अॅस्कटला प्रिन्स ऑफ वेल्स स्टेक्स जिंकलेला. तोही इथे गाजला. एका दिवसाचा पराभव बाजारभाव पाडतो, रक्त बदलत नाही. इथल्या चाणाक्ष मालकांची सगळी खरेदी या फटीतून होत आली आहे.

इथे पाय तपासायचे ते मात्र तिकडच्यापेक्षा कडक नजरेने. इंग्लंडच्या ओल्या, मऊ हिरवळीवर खपून जाणारा दोष आपल्या टणक मैदानावर दोन वर्षांत घोड्याला बसवतो. गुडघा मागे झुकलेला असणं, खुराच्या वरचा भाग फार सरळ आणि आखूड असणं, हे दोष आईबाप दोघांतही असतील तर शिंगरात ते येतीलच असं समजून चालावं. एकाचा दोष दुसऱ्याने झाकावा एवढीच अपेक्षा ठेवता येते, आणि तीही नेहमी पुरी होत नाही.

आता एक नवी अडचण सगळ्या जगासमोर आहे. पूर्वी एका स्टॅलियनकडे हंगामात चाळीसेक घोड्या जात. आता नामांकित घोड्याकडे दीडशेहून अधिक जातात, शिवाय तो उत्तर गोलार्धातला हंगाम संपवून विमानाने ऑस्ट्रेलियाला जातो आणि तिथे दुसरा हंगाम करतो. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये एका घोड्याला वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घालायचं ठरवलं, पण खटले झाले आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला. त्याच सुमाराच्या एका अभ्यासात दहा हजारांवर घोडे तपासले तर ९७ टक्क्यांच्या पेडिग्रीत नॉर्दर्न डान्सर सापडला, आणि एकूणच जातीतलं अंतःप्रजनन वाढत चाललेलं दिसलं. न हरलेला फ्रँकेल घ्या. त्याचा बाप गॅलिलिओ हा नॉर्दर्न डान्सरचा नातू, आईचा बाप डेनहिल हाही नातूच. कागदावर हे तीन गुणिले चार असं लिहितात, म्हणजे बापाकडून तिसऱ्या पिढीत आणि आईकडून चौथ्या पिढीत तो येतो. ती जोडी विलक्षण जमली, म्हणून गॅलिलिओकडे डेनहिलच्या आणखी मुली गेल्या, आणि आता त्यांच्या मुलामुलींना जोडीदार शोधताना सगळेच जवळचे नातेवाईक निघतात. पुण्याच्या स्टडवरही हेच, कारण घोडा तिकडून आणलेला आणि घोडीची आजीही तिकडूनच आलेली. त्यामुळे इथला मालक पेडिग्रीचा कागद पसरतो तेव्हा नॉर्दर्न डान्सर आहे का, हे पाहत नाही. तो किती वेळा, कितव्या पिढीत आणि कोणत्या मुलाकडून आला आहे, ते पेन्सिलने मोजत बसतो.